बोल्ट फिरतोय, पण पकडत नाहीये

या महिन्याच्या पत्रांत आट्यांचीच, म्हणजे बोल्टच्या आणि त्याच्या भोकातल्या पेचांचीच, भरती आहे, पावसाळ्याआधी सगळ्यांनी एकदम बॉनेट उघडली की काय कोण जाणे. एसीचे आणि ब्रेकचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, तेवढं सांभाळून घ्या. नवख्यांसाठी एवढंच: ब्लॉक म्हणजे इंजिनाचं सिलिंडरवालं धड, हेड म्हणजे त्याचं वरचं झाकण, आणि गॅस्केट म्हणजे दोघांच्या मधली गळती रोखणारी पट्टी.

प्रश्न : काका, माझी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, एक लाख दहा हजार किलोमीटर झालेत. मे महिन्यात गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये तापली, काटा वर गेलेला माझ्या लक्षातच आला नाही आणि मी तशीच घरापर्यंत रेटली. गॅस्केट उडालं. गॅरेजवाल्याने हेड काढलं, फेसिंग करून (तळ घासून सपाट करून) आणलं आणि नवीन गॅस्केट टाकून बसवताना दहातला एक बोल्ट, मागच्या रांगेतला, शेवटच्या राउंडला नुसता फिरतच राहिला. तो म्हणतो नऊ पकडतायत, एकाने काय होतंय, चालवा. दुसरा म्हणतो ब्लॉकच बदला, जुना ब्लॉक आणून बसवायचे पन्नास हजार. वागळे इस्टेटमधला एक लेथवाला म्हणतो गेलेल्या आट्यांच्या जागी स्प्रिंग टाकून देतो, ब्लॉक अ‍ॅल्युमिनिअमचा आहे, असंच करतात. कोणाचं ऐकू? स्प्रिंग टिकते का?
*वाचक, कासारवडवली, ठाणे*

लेथवाल्याचं ऐका, पण त्याला दोन-तीन गोष्टी विचारून मगच काम द्या, त्या खाली सांगतो.

आधी पहिल्याचं बघू. हेडचे बोल्ट म्हणजे दाराच्या बिजागरीचे स्क्रू नव्हेत, की एक नसला तरी दार लागतंच. चार सिलिंडरच्या इंजिनात दहा बोल्ट असतात ते प्रत्येक सिलिंडरच्या चार कोपऱ्यांना येतील असे, आणि मधले बोल्ट दोन-दोन सिलिंडरना सामाईक असतात. म्हणजे मधला एक ढिला राहिला तर दोन सिलिंडरच्या गॅस्केटची कड सुटली. महिना-दोन महिने चालेलही, मग पुन्हा पाणी कमी व्हायला लागेल, पुन्हा तापेल, पुन्हा हेड काढा. नवीन गॅस्केटचे पैसे गेले ते वेगळेच. दुसऱ्याचा ब्लॉक बदलायचा सल्ला चुकीचा नाही, पण तो सगळ्यात शेवटचा उपाय. तो जुना ब्लॉक किती वेळा तापलाय हे विकणारा सांगणार आहे का? शिवाय इंजिन नंबर ब्लॉकवरच पंच केलेला असतो, तो तुमच्या आरसीवर आहे, म्हणजे ब्लॉक बदलला की आरटीओत जाऊन नोंद बदलून घेणं आलं. हे गॅरेजवाले आधी सांगत नाहीत, मग गाडी विकताना किंवा पंधरा वर्षांनी पासिंगला गेलात की नंबर जुळत नाही आणि तिथे अडकता.

आता आटे का गेले ते समजून घ्या, कारण त्यावर पुढचं सगळं आहे. बोल्ट स्टीलचा, भोक अ‍ॅल्युमिनिअमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनिअम स्टीलच्या साधारण दुप्पट फुगतं, त्यामुळे इंजिन गरम झालं की बोल्ट आणखी ताणला जातो आणि आट्यांवरचा ओढा वाढतो, गार झालं की कमी होतो. हे रोजचंच, त्या हिशेबानेच बनवलेलं असतं. पण गाडी प्रमाणाबाहेर तापली की अ‍ॅल्युमिनिअमला कारखान्यात हीट ट्रीटमेंटने दिलेला कडकपणा उतरू शकतो, तो परत येत नाही. त्यात गॅस्केटमधून कूलंट आट्यांत उतरलं असेल तर गंज वेगळाच, स्टील आणि अ‍ॅल्युमिनिअम एकत्र ओले राहिले की अ‍ॅल्युमिनिअम खाल्लं जातं, पांढरी पावडर दिसते ना तीच. आणि बोल्टचा सगळा ओढा सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जातो असंही नाही, पहिला आटा एकटाच साधारण तिसरा हिस्सा घेतो. तो गेला की त्याचा भार पुढच्यावर, मग तो जातो, असं करत सगळे ओळीने सुटतात. म्हणून पाना लावणाऱ्याला आधी नीट घट्ट होत चालल्यासारखं वाटतं आणि मग एकदम लोण्यात सुरी गेल्यासारखा पाना हलका होतो. तुमच्या मेकॅनिकला तो क्षण नक्की कळलेला असणार, विचारा त्याला.

तो बोल्ट बाहेर काढून डोळ्यांसमोर धरा. आट्यांच्या खाचेत चांदीसारखी चकचकीत तार गुंडाळलेली दिसेल, चकलीचा तुटलेला वेढा असावा तशी. ते तुमच्या ब्लॉकचे आटे आहेत. ती तार दिसली तर भोक गेलं. ती नसेल आणि बोल्टच मध्ये बारीक झालेला असेल, तर बोल्ट ताणला गेलाय, ब्लॉक बहुधा ठीक आहे. बऱ्याच गाड्यांचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात, आधी ठरावीक टॉर्क (पिळायचा जोर) आणि मग डिग्रीने फिरवायचे, त्यात ते मुद्दाम ताणले जातात. जुनेच परत लावले असतील तर तिथेही घोळ असू शकतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, मेकॅनिकच्या आठवणीवर जाऊ नका.

आता स्प्रिंग. तिला हेलीकॉइल म्हणतात, स्टेनलेसच्या चौकटच्या आकाराच्या तारेची गुंडाळी असते, आतून बोल्टचे आटे आणि बाहेरून मोठे आटे. ढिली असताना ती भोकापेक्षा जरा मोठी असते, आत जाताना आवळते आणि आत गेल्यावर फुलून धरून बसते. लोकांना वाटतं हा जुगाड आहे. अजिबात नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून विमानांच्या इंजिनांत हे वापरतात, आणि आजही विमानाच्या कित्येक अ‍ॅल्युमिनिअम पार्टमध्ये नवीन असतानाच हे बसवून येतं. कारण साधं आहे, समजा बोल्ट एम १० चा (१० मिलिमीटर व्यासाचा), दीडच्या पिचचा (दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर). स्प्रिंगसाठी भोक १०.४ मिलिमीटरचं करून त्यात जे आटे पाडतात त्यांचा बाहेरचा व्यास जवळपास १२ मिलिमीटर होतो. म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमची पकड आता १० च्या नाही तर १२ च्या घेरावर आली, तेवढ्याच लांबीत जास्त माल धरला गेला. नीट बसवलेली स्प्रिंग मूळ आट्यांपेक्षा दणकट असते ती यामुळे.

सगळी गोम त्या ‘नीट’मध्ये आहे.

पहिला प्रश्न लेथवाल्याला हा विचारा की भोक सरळ कसं ठेवणार. ब्लॉक गाडीतच असेल, तो हाताने ड्रिल धरून ‘अंदाजे सरळ’ म्हणत असेल तर तिथून उठा. तुमचा बोल्ट मागच्या रांगेतला, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) लागून, तिथे ड्रिलचं डोकंच नीट मावत नाही, ते आपोआप तिरकं होतं. भोक एखादा डिग्री जरी तिरकं झालं तर लांब बोल्ट हेडच्या भोकात एका बाजूला घासतो आणि मग टॉर्क पाना जे दाखवतो त्याला काही अर्थ राहत नाही. जाणकार माणूस जाड स्टीलची प्लेट घेतो, शेजारच्या दोन चांगल्या भोकांत बोल्ट मारून ती ब्लॉकवर बसवतो आणि त्या प्लेटमधल्या कडक बुशमधून ड्रिल सोडतो. मॅग्नेटवाली ड्रिल आणतो म्हणाला तर हसा फक्त, अ‍ॅल्युमिनिअमला मॅग्नेट चिकटतच नाही. यातलं काही जमत नसेल तर ब्लॉक खाली उतरवून रेडियल ड्रिलवर (वर्कशॉपातल्या मोठ्या उभ्या ड्रिल मशीनवर) घ्या. मजुरी वाढेल, वाढू दे.

दुसरा प्रश्न खोलीचा. खूप इंजिनांत हेड बोल्टचे आटे वरून सुरू होत नाहीत, वरचा बराच भाग मोकळा सोडून खाली सुरू होतात, म्हणजे बोल्ट आवळल्यावर सिलिंडरचं तोंड ओढलं जाऊन वाकडं होत नाही. स्प्रिंगही त्याच खोलीवर बसली पाहिजे. वरच्या वर लावून दिली, दिसायला छान, आणि नंतर गाडी ऑइल खायला लागली की कोणाला कळणार नाही का ते. आधी चांगल्या भोकात काडी घालून खोली मोजायची, ड्रिलला त्या मापावर टेप गुंडाळायची. जास्त खोल गेलं तर खाली पाण्याचं जॅकेट आहे.

तिसरं, टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. स्प्रिंगसाठी टॅप वेगळा येतो, साधा एम १२ चा टॅप चालत नाही कारण त्याचं पिच १.७५ आणि तुमच्या बोल्टचं १.५ नाहीतर १.२५. जपानी गाड्यांत १.२५ खूप दिसतं, गेज लावून बघायला सांगा. टॅप मारताना रॉकेल हवं, अ‍ॅल्युमिनिअमला रॉकेलसारखं दुसरं काही नाही, कोरड्यात मारला तर कीस टॅपला चिकटतो आणि नवे आटे ओरबाडून काढतो. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, मध्ये मध्ये बाहेर काढून साफ. माझ्या गाळ्यात एक फिटर होता तो टॅप मारताना रेडिओ बंद करायला लावायचा, म्हणायचा आवाज ऐकू आला पाहिजे, कुरकुर केली की थांबायचं. आम्ही हसायचो पण त्याच्या हातून टॅप मोडलेला मी पाहिला नाही.

आणि कीस. लोखंडाचा असता तर मॅग्नेट फिरवून गोळा केला असता, अ‍ॅल्युमिनिअमचा उचलला जात नाही. म्हणून आधीच सिलिंडर, पाण्याची भोकं आणि विशेषतः ऑइलची भोकं कापड कोंबून बंद करायची, व्हॅक्युमने ओढायचा, मग हवा मारायची, डोळ्यांना गॉगल लावून. एक कण ऑइलच्या वाटेने बेअरिंगवर गेला तर आटे दुरुस्त आणि क्रँक गेला, अशी गत.

स्प्रिंग बसल्यावर तिच्या खालच्या टोकाला एक आडवी शेपटी असते, फिरवून आत घालण्यासाठी. ती नंतर पंचने ठोकून तोडतात आणि ग्रीस लावलेल्या काडीने बाहेर काढतात. हा तुकडा बंद भोकात राहिला तर बोल्ट त्यावर टेकतो आणि घट्ट झाल्यासारखं वाटतं, होत नाही. मी तर सांगेन समोर वाटी ठेवा. जेवढ्या स्प्रिंगा तेवढ्या शेपट्या वाटीत मोजून घ्या.

‘जेवढ्या’ म्हणालो कारण माझं मत असं की एकच करू नका. ज्या तापण्याने एक गेला त्याच तापण्यातून बाकीचे नऊ गेलेत, ते आज पकडतायत, उद्याचा भरवसा नाही. दहाच्या दहा करा. एवढं बजेट नसेल तर किमान मागची पूर्ण रांग करा आणि पुढच्या रांगेची परीक्षा घ्या. अमेरिकेत कॅडिलॅकच्या नॉर्थस्टार इंजिनाची ही जुनी तक्रार, अ‍ॅल्युमिनिअम ब्लॉकमधून हेड बोल्टचे आटे ओढले जायचे, टोयोटाच्या २.४ लिटरच्या टू-एझेड इंजिनातही मागच्या रांगेचंच हे दुखणं होतं, कंपनीने नंतर आट्यांची लांबी वाढवली. तिथल्या दुरुस्ती करणाऱ्यांनीही एकावर भागवलं तर नंतर शेजारचा येतो हे बघून सगळे करायला सुरुवात केली.

स्प्रिंगऐवजी अखंड बुश (आतून-बाहेरून आटे असलेली नळी) मिळत असेल, टाइमसर्ट वगैरे, तर हेडसाठी मी ते आधी घेईन. त्याला वर कॉलर असते म्हणून ते खाली सरकत नाही, आणि शेवटी बसवताना त्याचे खालचे आटे बाहेर दाबले जाऊन ब्लॉकमध्ये रुतून लॉक होतात. किट महाग पडतं आणि मागवावं लागतं. स्प्रिंगने काम होणारच नाही असं नाही, पण बोल्ट पुन्हा काढताना कधी कधी ती बोल्टबरोबर फिरत बाहेर येते, बुशचं तसं होत नाही.

शेवटी परीक्षा. नवीन गॅस्केट लगेच टाकू नका. जुनं गॅस्केट, जुने बोल्ट, भोकं पूर्ण कोरडी करून हेड बसवा आणि पहिल्या टॉर्कपर्यंत आवळा, थोडं आणखी. काही सुटायचं असेल तर ते इथे सुटू दे. कोरडी म्हणालो ते उगाच नाही, बंद भोकात तळाला पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट पिस्टनसारखं ते दाबतो, द्रव दबत नाही, आणि ब्लॉकला तडा जातो. आट्यांना मॅन्युअल म्हणेल तर ऑइलचा एक थेंब, भोकात नाही. पान्यावर लावलेल्या जोरातला नव्वद टक्के जोर तर घर्षणातच संपतो, दहाच टक्के बोल्ट ताणायला लागतो, त्यामुळे एक आटा कोरडा गंजका आणि दुसरा ऑइलमध्ये लडबडलेला असेल तर दोन्हीकडे पाना ‘टिक’ म्हणेल पण आतली पकड वेगळीच.

हो, आणि एम-सील किंवा तसलं कुठलंही एपॉक्सी भोकात भरून वर टॅप मारून देतो असं कोणी म्हणालं तर हात जोडा. पाण्याच्या टाकीला ठीक आहे ते.

प्रश्न : सर्व्हिसिंगच्या पोराने लांब पाना लावून ड्रेन प्लग आवळला, आता रोज सकाळी पार्किंगमध्ये ऑइलचा टिपका. टेफ्लॉन टेप लावून चालेल का? का इंजिन उघडावं लागेल?
*एक वाचक, नेरुळ*

इंजिन कशाला उघडताय, ड्रेन प्लग ब्लॉकमध्ये नसतो, खालच्या चेंबरला असतो आणि चेंबर बोल्ट काढले की सुटा होतो. आधी वीस रुपयांचा वॉशर बदलून बघा, निम्म्या वेळा तोच दबून चपटा झालेला असतो. प्लग फिरत राहत असेल तर मात्र आटे गेले. टेप नको, तिचे तुकडे आत ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतात. मोठ्या मापाचा, स्वतःच आटे कापत जाणारा प्लग दुकानदार हमखास देईल, तोही नको, तो तिरका जातो आणि दोन सर्व्हिसिंगनंतर चेंबर फेकायची वेळ आणतो. चेंबर अ‍ॅल्युमिनिअमचा असेल तर त्यातच स्प्रिंग किंवा बुश छान बसतं. बऱ्याच गाड्यांत हा प्लग एम १४ असतो. चेंबर न काढता करणार असतील तर टॅपच्या खाचा ग्रीसने भरायच्या, कीस त्यात अडकतो, आणि शेवटी वरून अर्धा लिटर जुनं पण स्वच्छ ऑइल ओतून उरलेला कीस धुऊन बाहेर काढायचा. पत्र्याचा चेंबर असेल तर नवीन घ्या, दुरुस्तीत पैसे घालू नका.

आणि त्या पोराला ओरडू नका फार. साधारण ३५ ते ४० न्यूटन मीटरचं काम आहे ते, म्हणजे हातभर पान्याला मनगटाचा जोर, पण हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं, त्याला शिकवलेलं असतं की ढिला राहिला तर तुझा पगार कापीन.

प्रश्न : मी रबाळ्याला कामाला आहे, गाड्यांची आवड म्हणून रविवारी स्वतःच वॉटर पंपचा एक बोल्ट दुरुस्त करायला घेतला, ब्लॉकमध्ये एम ६ चा टॅप मोडला. वरून थोडा दिसतोय. ड्रिल करतोय तर ड्रिलच बोथट होतंय.
*वाचक, ऐरोली*

थांबा आधी! टॅप ड्रिलइतकाच कडक असतो, तो कापला जाणार नाही, ड्रिल घसरून बाजूचं मऊ अ‍ॅल्युमिनिअम मात्र खाईल आणि भोक अंड्यासारखं होईल. वरून दिसतोय ना, मग टॅपच्या खाचांत सुया घालून फिरवायचं एक हत्यार येतं, टॅप एक्स्ट्रॅक्टर, ते लावून मागे-पुढे, मागे-पुढे, घाई न करता. त्याने नाही आला तर तुम्ही रबाळ्यातच आहात, एमआयडीसीत स्पार्क इरोजनवाले शोधा, डायवाल्यांच्या शेजारी असतातच. ठिणगीने टॅप मधून खाल्ला जातो, आटे शाबूत राहतात. फक्त ब्लॉक त्यांच्या मशीनवर न्यावा लागेल, नाहीतर पोर्टेबल मशीनवाला शोधा.

एक जुनी युक्ती माहिती असावी म्हणून सांगतो. तुरटी. तुरटीच्या कडक गरम पाण्यात स्टील हळूहळू विरघळतं, अ‍ॅल्युमिनिअमला फारसं काही होत नाही, घड्याळवाले मोडलेले बारीक स्क्रू असेच काढतात. थर्मोस्टॅटचं सुटं झाकण वगैरे असेल आणि त्यात टॅप मोडला तर जुन्या पातेल्यात (अर्थातच लोखंडी नको) तासन् तास गरम ठेवा, काम होतं. पण ब्लॉकवर करू नका, अ‍ॅल्युमिनिअम ब्लॉकमध्ये सिलिंडरचे लायनर (आतल्या नळ्या) बहुधा बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात, तुरटीला टॅप कुठला आणि लायनर कुठला हे कळत नाही.

प्रश्न : काका, मला यातलं काही कळत नाही. मेकॅनिक म्हणतो इंजिनाच्या टेन्शनरचा (पट्टा ताणून धरणाऱ्या भागाचा) बोल्ट ‘फ्री’ झालाय, आटे नवीन टाकावे लागतील, तीन हजार. फसवत तर नाही ना?
*एक वाचक, खारघर*

ताई, वर कासारवडवलीच्या उत्तरात चांदीच्या तारेचं लिहिलंय ते वाचा आणि त्याला म्हणा बोल्ट दाखव. तार गुंडाळलेली असेल तर खरं बोलतोय. तार नसेल तर त्याच बोल्टला आट्यात हाताने चढवून दाखवायला सांगा, शेवटपर्यंत बोटांनी सरळ गेला आणि डुगडुगला नाही तर आटे बहुतेक जिवंत आहेत, फक्त घाणीने भरलेले असतील. साफ करायला नवीन टॅप मारू देऊ नका, तो चांगलं अ‍ॅल्युमिनिअमही कापतो. तसलाच एक जुना बोल्ट घेऊन त्याला हॅक्सॉने उभ्या तीन खाचा पाडायच्या आणि ऑइल लावून हाताने आत-बाहेर फिरवायचा, घाण खाचेत येते. हे काम फुकट नाही करणार तो, पण तीन हजारही नाहीत.

आटे खरंच टाकावे लागले तर जुना बोल्ट आणि स्प्रिंगचं पाकीट मागून घ्या, पाकिटावर माप छापलेलं असतं, ते बिलाला स्टेपल करून गाडीच्या फाइलमध्ये ठेवा. पुढच्या मेकॅनिकला तेच लागेल.